पुण्याच्या पेठांमधील स्थलनामे

पुण्याच्या पेठांमधील स्थलनामे म्हणजे पुणे शहराच्या जुन्या भागातील पेठा, आळ्या, बोळ, चौक, पार, हौद, पूल, वाडे आणि देवळे यांची रूढ नावे होत. ही वस्ती मुठा नदीच्या काठी, शनिवारवाड्याच्या भोवताली पसरलेली आहे. यांतील बरीचशी नावे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत रूढ झाली. ज्या वस्तूवरून वा व्यवसायावरून नाव पडले, ती वस्तू वा तो व्यवसाय पुष्कळ ठिकाणी आज अस्तित्वात नाही. नाव मात्र लोकांच्या बोलण्यात, पत्त्यांमध्ये आणि बसथांब्यांवर टिकून आहे. त्यामुळे शहराच्या दैनंदिन जीवनाचा, विशेषतः पाणीपुरवठा, बाजार, कारागिरी आणि जातिव्यवस्था यांचा इतिहास समजून घेण्यासाठी ही नावे उपयुक्त ठरतात.

पेठांची नावे

पेठ म्हणजे बाजार असलेली वस्ती. नवी पेठ वसवताना व्यापारी व कारागिरांना काही वर्षांची करमाफी दिली जाई आणि तेथील व्यवस्था शेटे-महाजनांकडे सोपवली जाई. पुण्यातील सर्वांत जुना भाग कसबा पेठ हा आहे. 'कसबे पुणे' या मूळ गावाचे नाव या पेठेत टिकले आहे. शहराचे ग्रामदैवत कसबा गणपती आणि लालमहाल याच भागात आहेत. शिवाजी महाराजांनी १६६३ मध्ये शाहिस्तेखानावर छापा घातला तो लालमहालात. मूळ महाल नष्ट झाला असून सध्याची वास्तू विसाव्या शतकात बांधलेली आहे.

आठवड्यातील सातही वारांची नावे असलेल्या पेठा पुण्यात आहेत. यांतील पुष्कळ वस्त्या पेशवाईपूर्वीच्या असून त्यांना आधी वेगळी नावे होती. ती पुढीलप्रमाणे:

• सोमवार पेठ – शहापूर
• मंगळवार पेठ – अष्टपुरा
• बुधवार पेठ – मुहियाबाद
• गुरुवार पेठ – वेताळ पेठ
• शुक्रवार पेठ – विसापूर
• शनिवार पेठ – मुर्तझाबाद
• रविवार पेठ – मलकापूर

मुहियाबाद हे नाव औरंगजेबाच्या पुण्यातील मुक्कामाच्या काळातील, म्हणजे १७०३ च्या सुमाराचे आहे. वेताळ पेठेला तेथील वेताळाच्या देवळावरून नाव मिळाले होते. जुनी नावे आज केवळ कागदपत्रांत आढळतात.

पहिल्या बाजीरावाने १७३० मध्ये शनिवारवाड्याची पायाभरणी केली. राज्यकारभाराचे केंद्र येथे आल्यानंतर शहर वेगाने वाढले आणि नव्या पेठांना व्यक्तींची नावे मिळू लागली. सदाशिव पेठ पानिपतच्या युद्धात मारल्या गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या, तर नारायण पेठ १७७३ मध्ये शनिवारवाड्यात खून झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या नावाने ओळखली जाते. हनुमान पेठ नाना फडणीसांच्या नावावरून नाना पेठ झाली आणि शिवपुरी पेठ आनंदराव रास्ते यांच्या नावावरून रास्ता पेठ झाली. 'रास्ता' या शब्दाचा येथे रस्त्याशी संबंध नाही. भवानी पेठेचे नाव तेथील भवानीमातेच्या मंदिरावरून आले आहे. गंज पेठ आता महात्मा फुले पेठ या नावाने ओळखली जाते.

पाण्याशी निगडित नावे

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रज येथे तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालील दगडी नळाने शहरात आणण्यात आले. ठिकठिकाणच्या हौदांत हे पाणी पडे आणि लोक तेथून ते भरून नेत. पुढे अन्य सावकार व सरदारांनीही हौद बांधले. नळाचे पाणी घरोघरी आल्यावर हौदांची गरज संपली. काही बुजवले गेले, काही इमारतींखाली गेले. तरीही बदामी हौद, काळा हौद, फडके हौद, नाना हौद ही नावे पत्ता सांगण्यासाठी वापरली जातात. कसबा पेठेतील 'साततोटी' हे नाव सात तोट्या असलेल्या हौदावरून पडले.

पाणी कोणी भरावे हा प्रश्न जातीशी जोडलेला होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना सार्वजनिक हौदांवर पाणी भरण्यास मज्जाव असे. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये गंज पेठेतील आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. बुधवार पेठेतील 'बाहुलीचा हौद' सत्यशोधक समाजाशी संबंधित असलेले डॉ. विश्राम रामजी घोले यांनी बालवयात मरण पावलेल्या आपल्या मुलीच्या, काशीबाईच्या, स्मरणार्थ बांधला आणि तो सर्व जातींच्या लोकांसाठी खुला ठेवला. पेठांमधील बहुतेक हौदांना सरदारांची, सावकारांची वा रचनेची नावे आहेत. एका लहान मुलीची आठवण जपणारे हे नाव त्यांत वेगळे ठरते.

गुरुवार पेठेतील 'पंचहौद' हे नाव १८९० च्या एका प्रसंगामुळे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात नोंदले गेले. तेथील ख्रिस्ती मिशनमध्ये झालेल्या कार्यक्रमात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व बाळ गंगाधर टिळक यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांना चहा व बिस्किटे देण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे प्रसिद्ध केल्यावर सनातनी मंडळींनी बहिष्काराची मागणी केली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि काहींना प्रायश्चित्त घ्यावे लागले. हा वाद 'पंचहौद मिशन चहा प्रकरण' म्हणून ओळखला जातो.

पर्वतीजवळील सारसबागेतील सिद्धिविनायकाला आजही 'तळ्यातला गणपती' म्हणतात. पेशवेकाळात येथे तळे होते व देऊळ त्यातील बेटावर होते. तळ्याची जागा नंतर बागेने घेतली.

व्यवसायवाचक नावे

एकाच व्यवसायातील कुटुंबे जवळजवळ राहत असल्याने आळ्यांना त्यांच्या कामावरून नावे पडली. कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्या-पितळेच्या भांड्यांवर ठोके देण्याचे काम अजूनही काही कुटुंबे करतात. नाव आणि व्यवसाय दोन्ही टिकून राहिल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. याउलट कसब्यातील कुंभारवाड्यातील अनेक कुटुंबे शहराबाहेर, मुंढव्याजवळ केशवनगर येथे स्थलांतरित झाली. बुरूड आळी बांबूच्या टोपल्या व सुपे विणणाऱ्यांची, बोहरी आळी बोहरा व्यापाऱ्यांची, तर चोळखण आळी खणांच्या बाजारासाठी ओळखली जाते.

बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाच्या देवळाजवळ पासोड्या, म्हणजे जाड सुती पांघरुणे, विकली जात. त्यावरून देवाला हे नाव मिळाले. अशा प्रकारे बाजारातील मालाचे नाव देवाला आणि देवाचे नाव चौकाला मिळण्याची पद्धत पुण्यात ठळकपणे दिसते. जिलब्या मारुती आणि सराफ बाजारालगतचा सोन्या मारुती ही याच प्रकारची नावे मानली जातात.

देवळांची नावे

पुण्यातील देवळांची नावे बाहेरगावच्या व्यक्तीला विक्षिप्त वाटतात. परंतु एकाच शहरात मारुती, विठोबा व गणपतीची अनेक देवळे असल्याने त्यांच्यात फरक करण्याची व्यावहारिक गरज होती. त्यासाठी देवाच्या नावाआधी मालक, जागा, माल किंवा एखादी घटना जोडली गेली. भिकारदास मारुतीच्या नावाचा भीक मागण्याशी संबंध नसून भिकारदास हे एका सावकाराचे नाव होते. नारायण पेठेतील मोदी गणपतीला हे नाव खुश्रूशेठ मोदी या पारशी गृहस्थाच्या बागेवरून मिळाले. गणेश पेठेतील डुल्या मारुतीविषयी अशी आख्यायिका आहे की, पानिपतच्या संहाराच्या वेळी ही मूर्ती डुलली.

सदाशिव पेठेतील खुन्या मुरलीधराच्या नावाचा संबंध अनेकदा द्रविड बंधूंच्या हत्येशी लावला जातो. चाफेकर प्रकरणात माहिती दिल्याच्या रागातून १८९९ मध्ये ही हत्या झाली होती. मात्र १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये हे नाव आधीच आढळते. त्यातील माहितीनुसार, अठराव्या शतकाच्या अखेरीस दादा गद्रे यांनी मूर्तीची स्थापना केली, त्या वेळी मूर्तीच्या ताब्यावरून सशस्त्र चकमक होऊन माणसे मारली गेली. लोकांत प्रचलित असलेले स्पष्टीकरण आणि लिखित पुरावा यांत अंतर कसे पडू शकते, हे या उदाहरणावरून दिसते.

पूल, चौक, पार आणि बागा

पानिपतच्या युद्धानंतर १७६१ मध्ये मुठा नदीवर लाकडी पूल बांधण्यात आला. पुराने तो वाहून गेल्यावर एकोणिसाव्या शतकात तेथे दगडी पूल झाला. पुलाचे अधिकृत नाव संभाजी पूल असे आहे. बोलण्यात तो 'लकडी पूल'च राहिला. शनिवारवाड्याजवळचा छत्रपती शिवाजी पूल १९२३ मध्ये 'लॉइड ब्रिज' या नावाने बांधला गेला. शंभर वर्षे होऊनही त्याला 'नवा पूल' म्हणतात.

अप्पा बळवंत चौक हे नाव पेशवाईतील सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या तेथील वाड्यावरून पडले. आज हा चौक पुस्तकांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे आणि विद्यार्थी त्याला आद्याक्षरांवरून 'एबीसी' म्हणतात. शनिपार आणि नागनाथ पार या नावांतील 'पार' म्हणजे झाडाभोवती बांधलेला कट्टा; तो गप्पांची आणि भेटीगाठींची जागा असे. तुळशीबाग आणि बेलबाग ही नावे तेथे पूर्वी असलेल्या बागांची आठवण देतात. तुळशीबागेतील राममंदिर नारो अप्पाजी खिरे (तुळशीबागवाले) यांनी, तर बेलबागेतील विष्णुमंदिर नाना फडणीसांनी बांधवले. आज 'तुळशीबागेत जाणे' याचा रूढ अर्थ देवदर्शन नसून भांडी, पूजासाहित्य व स्त्रियांच्या वापराच्या वस्तूंची खरेदी करणे असा आहे.

अधिकृत नावे आणि बोलीतील नावे

भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरील मैदानात भरे. शुक्रवार पेठेत बाजाराची दगडी इमारत १८८६ मध्ये पूर्ण झाली व तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून 'रे मार्केट' हे नाव देण्यात आले. नंतर तिचे नामांतर 'महात्मा फुले मंडई' असे झाले. दैनंदिन व्यवहारात केवळ 'मंडई' हा शब्द पुरेसा ठरतो.

काही बदल मात्र लोकांनी पूर्णपणे स्वीकारले. नारायण पेठेतील गायकवाड वाडा टिळकांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी विकत घेतला. 'केसरी' वृत्तपत्राचे कार्यालय तेथे असल्याने तो 'केसरी वाडा' झाला आणि मूळ नाव मागे पडले. जागेचा रोजचा उपयोग बदलला तर नवे नाव रुजते. केवळ फलक बदलल्याने ते रुजतेच असे नाही, असे या उदाहरणांवरून म्हणता येते.

सद्यस्थिती

पानशेत धरण फुटून १२ जुलै १९६१ रोजी आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील पुष्कळ वाडे पडले. त्यानंतरच्या दशकांत उरलेल्या वाड्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. अनेक इमारतींना जुन्या वाड्याचे किंवा मालकाच्या आडनावाचेच नाव दिलेले दिसते. मात्र चौक, विहीर, आड, ओसरी आणि समाईक नळ यांभोवतीचे जीवन संपुष्टात आले.

बुधवार पेठेतील भिडे वाडा हे याचे महत्त्वाचे उदाहरण आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा येथे सुरू केली. वाड्याची दीर्घकाळ पडझड होत राहिली आणि त्याच्या ताब्याविषयीचा वाद न्यायालयात गेला. अखेर राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये उरलेली वास्तू पाडण्यात आली. मूळ भिंती राहिल्या नसल्या तरी ती जागा 'भिडे वाडा' म्हणूनच ओळखली जाते.

पुण्यातील स्थळांची माहिती ना. वि. जोशी यांच्या 'पुणे शहराचे वर्णन' (१८६८) या पुस्तकात आणि वर उल्लेखिलेल्या गॅझेटिअरमध्ये मिळते. सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळात (स्थापना १९१०) जुन्या कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. तथापि, लहान बोळ, आड व पार यांची नावे लिखित स्वरूपात क्वचितच सापडतात. ती मुख्यतः जुन्या रहिवाशांच्या स्मरणात असून, रहिवासी उपनगरांत गेल्यावर वापरातून जातात. दुसरीकडे, शहरातील भूमिगत मेट्रो मार्गावर 'कसबा पेठ' आणि 'मंडई' या नावांची स्थानके असल्याने ही दोन नावे नव्या पिढीच्या रोजच्या वापरात राहिली आहेत.