टायमिंग बेल्ट : अस्सल कोणता?

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील वसाहतींमुळे मोटारीचे सुटे भाग घडविणारी माणसे ज्या छत्रपती संभाजीनगरात गल्लोगल्ली भेटतात, त्याच शहरातला सुशिक्षित मोटारमालक टायमिंग बेल्ट बदलण्याची वेळ आली म्हणजे संभ्रमात पडतो. कारण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरातील दर आणि स्पेअर पार्टच्या दुकानातील दर यांत मोठी तफावत असते, आणि ती गुणाची आहे की निव्वळ खोक्याची, हे त्याला सहसा कोणी उलगडून सांगत नाही.

अल्टरनेटर आणि एसी फिरविणारा बाहेरचा बेल्ट, ज्याला मिस्त्रीलोक अजूनही फॅनबेल्टच म्हणतात, तुटला आणि गाडी वेळीच उभी केली, तर गिरणीचा पट्टा तुटल्यावर दळण थांबावे तितकेच नुकसान होते. झाकणाआडच्या दातेरी टायमिंग बेल्टचे तसे नाही. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा बरोबर एक फेरा व्हावा हा त्याचा जिम्मा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असता प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो, आणि पुष्कळशा इंजिनांत, डिझेलमध्ये तर बहुधा नेहमीच, व्हॉल्व्ह व पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येत असल्याकारणाने, बेल्ट तुटताच दोघांची टक्कर होऊन व्हॉल्व्ह वाकतात व हेड उतरविण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आता हा बेल्ट बनवितो कोण? मोटार कंपन्या तो सामान्यतः स्वतः बनवीत नाहीत. गेट्स, कॉन्टिनेन्टल, डेको अशा कारखानदारांकडून घेऊन आपल्या शिक्क्याच्या खोक्यात घालतात, आणि तेच कारखानदार स्वतःच्या नावानेही बाजारात माल आणतात, जो बहुधा स्वस्त पडतो. म्हणून ‘कंपनीचा’ आणि ‘बाहेरचा’ ही आपली नित्याची विभागणी मला अपुरी वाटते. बाहेरच्या मालात नामांकित कारखान्याचा बेल्टही आला आणि त्याच्या खोक्याची हुबेहूब नक्कल करून विकलेला डुप्लिकेटही आला. यांतल्या पहिल्याला भ्यावे असे काही नाही, दुसऱ्याला मात्र दुकानाच्या दारातूनच परत पाठवावे.

कायद्यानेही ग्राहकाची बाजू ऐकलेली आहे. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू दिले जात नाहीत या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. शेंद्र्यात २००१ पासून मोटारी जुळविणारी स्कोडाही त्यांत होती. पुढे प्रकरण अपिलात गेले. परंतु बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, सदोष कामाने जेवढी हानी झाली तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, हे त्या आदेशातले कलम मला न्याय्य वाटते.

बेल्ट घेताना जुना सोबत न्यावा. दोन्ही शेजारी ठेवून रुंदी, दात्यांचा आकार आणि त्यांची संख्या ताडून पाहावी. पाठीवरचा पार्ट नंबर हँडबुकाशी वा कारखानदाराच्या कॅटलॉगशी जुळवावा. रबराच्या पोटात बहुधा काचतंतूंच्या दोऱ्या असतात व त्या ताणाला चिवट, पण मुडपण्याला अत्यंत नाजूक असल्यामुळे, दुकानदाराने पिशवीत मावावा म्हणून घडी घालून दाबलेला बेल्ट, तो कितीही अस्सल असो, स्वीकारू नये. त्या दोऱ्या आत तुटल्याचे बाहेरून दिसत नाही. खोक्याची नक्कल होऊ शकते, म्हणून अधिकृत विक्रेता गाठावा आणि पक्के बिल घ्यावे.

फॅनबेल्टच्या बाबतीत नामांकित कारखान्याचा स्वस्त माल खुशाल घ्यावा. टायमिंग बेल्ट मात्र कंपनीच्या खोक्यातला, नाहीतर मूळ पुरवठादाराचाच असावा. आणि झाकण उघडलेच आहे तर टेन्शनर, आयडलर आणि, त्याच बेल्टवर फिरत असल्यास, वॉटर पंपही बदलून घ्यावा, कारण मजुरीचा मोठा भाग तेथवर पोहोचण्यातच खर्च होतो. मुदत किलोमीटरांचीच नसते, वर्षांचीही असते, आणि हँडबुकात दिलेल्या दोहोंपैकी जी आधी भरेल ती धरावी. मराठवाड्यातला चाळीस अंशांपलीकडचा उन्हाळा ध्यानी घेता, दारात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या मालकाने तर वर्षेच मोजावीत.