घाटाचा राजा कोण?

पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना कार्ले गाव लागते. जवळच्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. कोकणातल्या बंदरांत उतरलेला माल बोरघाट चढून याच भागातून देशावर जाई. लेण्यांतल्या शिलालेखांत एका श्रेष्ठीच्या दानाचाही उल्लेख आहे. १८३० साली घाटात गाडीरस्ता झाला. पुढे याच वाटेवर मुंबई-पुणे सायकल शर्यत गाजली.

या शर्यतीत पुण्याला पहिला येतो तो विजेता. पण बोरघाटाच्या माथ्यावर जो पहिला पोचतो, त्याला ‘घाटाचा राजा’ असा वेगळा मान असतो. घाटाचा राजाच शर्यतही जिंकेल, असे मात्र नाही. असे का बरे व्हावे?

सपाटीवर सायकलस्वाराचा मोठा शत्रू म्हणजे हवा. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते! म्हणून स्वार एकमेकांच्या मागे, घोळक्याने जातात. पुढच्याने हवा कापली की मागच्याचे श्रम वाचतात.

घाटात वेग कमी होतो. हवेचा विरोध नाममात्र उरतो आणि घोळक्याचा फायदाही जातो. आता सामना गुरुत्वाकर्षणाशी. खोपोलीपासून लोणावळा सुमारे ५५० मीटर उंच आहे. स्वार आणि सायकल मिळून ७५ किलोग्रॅम वस्तुमान धरू. कार्य किती झाले?

७५ × ९.८ × ५५० = सुमारे ४ लाख ज्यूल

रस्ता कितीही वळणे घेवो, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करायचे हे कार्य तेवढेच राहते. वळणांमुळे चढ सौम्य होतो, जोर कमी लावावा लागतो. पण अंतर वाढते. हा चढ ४० मिनिटांत चढला, तर सेकंदाला सुमारे १६८ ज्यूल, म्हणजे १६८ वॉट शक्ती सतत द्यावी लागेल. अंगाने हलका पण दमदार स्वार येथे पुढे सरकतो. मात्र लोणावळ्यानंतर कार्ले, वडगाव, देहूरोड अशी साठेक किलोमीटरची बरीचशी सपाट वाट उरते. तेथे पुन्हा हवेचे राज्य! एकट्याने पुढे गेलेल्या राजाला मागचा घोळका गाठू शकतो.

हवा आणि चढ यांच्या जोडीला पाणीही आले तर? हवाई बेटांवर एकदा असा वाद रंगला, की सर्वांत तंदुरुस्त कोण: पोहणारा, धावणारा की सायकलस्वार? निकाल लावण्यासाठी १८ फेब्रुवारी १९७८ रोजी ३.८ कि.मी. पोहणे, १८० कि.मी. सायकल आणि ४२.२ कि.मी. धावणे अशी सलग शर्यत ठेवली गेली. १५ जण उतरले, १२ जणांनी ती पूर्ण केली. गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. ही त्रिक्रीडा शर्यत, म्हणजे ट्रायथलॉन, पुढे डोंगरातही गेली. २००३ साली नॉर्वेत सुरू झालेल्या शर्यतीत स्पर्धक बोटीतून थंडगार खाडीत उडी घेतात आणि अखेर गाउस्टाटोपेन या पर्वतावर, १८५० मीटर उंचीवर पोचतात. पण तेथवर जाण्याची परवानगी पुढे असलेल्या मर्यादित स्पर्धकांनाच मिळते. बाकीच्यांची शर्यत खालीच संपते.

आता एका महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. आपले शरीर अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कार्यात बदलते. उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे घाट चढताना ४ लाख ज्यूल कार्यामागे सुमारे १२ लाख ज्यूल उष्णता! एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. म्हणजे ही सारी उष्णता घामानेच घालवायची, तर अर्धा लिटर पाणी खर्ची पडेल. शिवाय घाटात वेग कमी, त्यामुळे अंगावर वाराही कमी. पाणी पिण्याकडे दुर्लक्ष झाले तर शरीर तापते आणि जिवावरही बेतू शकते. हवाईच्या पहिल्या शर्यतीत पुढे असलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले. तो मागे पडून दुसरा आला.

कार्ल्याच्या लेण्यांची सहल काढाल तेव्हा एक प्रयोग करा. पायऱ्या मोजा, त्या साडेतीनशेच्या आसपास भरतील. काही पायऱ्यांची उंची पट्टीने मोजून सरासरी काढा. सरासरी १५ सेंटिमीटर आली, तर एकूण चढ साडेबावन्न मीटर. त्याला तुमचे वस्तुमान आणि ९.८ यांनी गुणा. आलेल्या ज्यूलना चढायला लागलेल्या सेकंदांनी भागा. ४५ किलोग्रॅमचा विद्यार्थी ८ मिनिटांत चढला, तर उत्तर सुमारे ४८ वॉट येईल. तुमचे किती येते? मात्र धावू नका, गर्दीत ढकलाढकली करू नका आणि पाण्याची बाटली विसरू नका. वर्गातला ‘पायऱ्यांचा राजा’ ठरवायचा, तर तो घड्याळ पाहून नव्हे, वॉट मोजून ठरवा. कदाचित सर्वांत आधी वर पोचलेला मुलगा राजा ठरणारच नाही!