तांब्याची नाणी जमवा, पण नमुन्याने जमवा

जुन्या नाण्यांचा शौक म्हटला की लोकांना सोन्याचा होन नाहीतर चांदीचा रुपया आठवतो. सामान्य दुकानदाराच्या आवाक्यात मात्र तांब्याचे नाणे आहे. बाजारहाटाचा रोजचा व्यवहारही त्यावरच चालला. पण तांबे हा भांड्याचाही धातू असल्यामुळे अशी कितीतरी नाणी भंगारात जाऊन वितळली. म्हणून आमचे सांगणे असे की, हा शौक करायचा तर तांब्यापासून करावा आणि नमुन्याने करावा.

नमुन्याने म्हणजे काय? एकाच नाण्याचे प्रत्येक साल, प्रत्येक ठसा शोधत बसलात तर आयुष्य आणि भांडवल दोन्ही पुरणार नाही. त्याऐवजी नाण्यावरचे चित्र आणि मजकूर जिथे बदलला, तिथला एकेक चांगला दाणा घ्यावा. अमेरिकेत तांब्याचा मोठा सेंट १७९३ ते १८५७ या काळात निघाला. तिथले अनेक शौकीन साखळीचा एक, पानांच्या वेलीचा एक, टोपीचा एक, असा संच करतात. पहिल्या सेंटवरची साखळी लोकांना गुलामीची खूण वाटली आणि टांकसाळीने त्याच वर्षी ती बदलली. नमुना बदलतो त्यामागे असे कारण असते. ते कळले की नाणे बोलू लागते.

पुण्याच्या माणसाने आपल्या मुलखाचा संच करावा. आमच्या मते सात खाने पुरेत.

पहिला खाना निजामशाही फलूसचा. पुण्याची जहागीर मालोजी भोसल्यांना निजामशहाकडूनच मिळाली होती. दुसरा शिवराईचा. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी ही निघाली. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. पुढे अनेक टांकसाळींत ती पडत राहिल्यामुळे अक्षरांची वळणे फार, कुठे ‘शिव’ तर कुठे ‘सिव’. तिसरा दुदांडी शिवराईचा. हिच्यावर मजकुराच्या ओळींमध्ये दुहेरी रेघ असते. ही पेशवाईच्या अखेरीची व कंपनी अमलाच्या सुरुवातीची.

चौथा खाना आम्हा कापडवाल्यांच्या खास जिव्हाळ्याचा. मुंबई इलाख्यासाठी १७९१ व १७९४ ची तांब्याची नाणी इंग्लंडात बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यात यंत्रावर पडली. त्यांच्या एका बाजूस कंपनीची गाठीवरची खूण आहे, म्हणजे मालाच्या गाठींवर मारायचा शिक्का. व्यापाऱ्याचा मार्का थेट नाण्यावर चढला! दुसऱ्या बाजूस तराजू, आणि पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत एकच शब्द, ‘अदल’, म्हणजे न्याय. याच बोल्टनच्या कारखान्यातून पुढे अमेरिकेच्या सेंटसाठी कोऱ्या चकत्या जात होत्या.

पाचवा खाना १८०४ चा व १८३० नंतरचा : तराजू तोच, सोबत हिजरी सन, पण गाठीच्या खुणेच्या जागी कंपनीचे राजचिन्ह. सहावा १८३५ च्या पाव आण्याचा. त्या साली कंपनीच्या साऱ्या मुलखाला एकच नाणे लागू झाले आणि तराजू गेला. सातवा व्हिक्टोरिया राणीचा. १८६२ पासून ‘क्वीन’, १८७७ पासून ‘एम्प्रेस’.

आता खरेदीविषयी. हाताने ठोकलेल्या दोन शिवराया कधी हुबेहूब सारख्या नसतात. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे मजकूर अर्धाच उमटतो. एकाच घाटाची, एकाच जागी तुटलेली दोन नाणी दिसली तर ती साच्यातली समजावीत. कडेला जोडाची रेघ व अंगावर बारीक फोड असतील तर हात आखडावा. नाणे चिंचेने किंवा लिंबाने कधीही घासू नये. चकाकी येते, पण किंमत जाते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात तांबे हिरवे पडते, म्हणून साधे कागदी पाकीट बरे.

कायदाही ध्यानात ठेवावा. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. ते खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायचा तर परवाना लागतो. जमिनीत गुप्त ठेवा सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. विक्रीच्या नियतीने घेतलेली नाणी तिजारती माल ठरतात. त्यांच्या जकातीविषयी आलिमांना विचारून घ्यावे.

अभ्यासासाठी के. के. माहेश्वरी व केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळी व नाणी यांवरचा इंग्रजी ग्रंथ १९८९ साली निघाला आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडेही नाण्यांचा संग्रह आहे.

शेवटी एक गोष्ट आपल्या तरुणांसाठी. शिवराई देवनागरीत असल्याने तिला वाचक मिळतो. फलूस आणि ‘अदल’चा पैसा मात्र वाचता न आल्यामुळे ढिगात पडून राहतो. उर्दू शाळेत शिकलेल्या मुलाला ती लिपी बालपणापासून येते. लोक म्हणतात, उर्दूचा धंद्यात काय उपयोग? उपयोग आहे. ज्याला वाचता येते तोच ढिगातून खरा दाणा उचलतो आणि भट्टीतून वाचवतो. घरातला जुना डबा भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून पाहावा, एवढीच विनंती.