कमरेचा पट्टा आणि परवान्याची जबाबदारी

भिगवणहून इंदापूरकडे निघालं की डाळजच्या आसपास एका अंगाला उजनीचं पाणी दिसतं आणि दुसऱ्या अंगाला ऊस. बागायती, दूध, मासळी आणि महामार्गावरचे धंदे यांमुळे या भागातल्या अनेकांना रोकड घेऊन अवेळी प्रवास करावा लागतो. त्यातल्या काहींनी जिल्हाधिकारी कार्यालयात खेपा घालून शस्त्रपरवाना मिळवलेला असतो. शस्त्र निवडताना ते चार जाणकारांना विचारतात. शस्त्र ज्या पट्ट्यावर रोज लटकणार तो मात्र बाजारात दिसेल तो उचलतात. खरं तर शस्त्र अंगावर नीट बसणं आणि ताब्यात राहणं, दोन्ही आधी पट्ट्यावरच ठरतं. याबाबतचे काही पक्के झालेले गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : शस्त्र झाकून नेणं बेकायदा, परवाना आहे तर दिसू द्यावं.

वस्तुस्थिती : नियम नेमका उलट आहे. शस्त्र नियम, 2016 नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये अंगाला लावून किंवा तशाच योग्य पिशवीत न्यायचं असतं. ते पूर्ण झाकलेलं असावं आणि बाळगणाऱ्याचा त्यावर प्रभावी ताबा असावा, असंही नियम सांगतो. चारचौघांत शस्त्र परजायला सक्त मनाई आहे. वरातीत बार काढण्याबद्दल तर शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश लागू असेल तर तो वाचल्याशिवाय शस्त्र घेऊन बाहेर पडू नये. इंदापूर ओलांडून भीमेपलीकडे गेलात की सोलापूर जिल्हा लागतो. त्यामुळे परवान्यावर कोणतं क्षेत्र नोंदलं आहे, तेही आधी पाहावं.

गैरसमज : होल्स्टर चांगलं असलं की पट्टा कोणताही चालतो.

वस्तुस्थिती : होल्स्टर पट्ट्याला धरून असतं. सरकारी कारखान्यातलं .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर साधारण 700 ग्रॅमचं असतं. 2014 मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने आणलेलं हलकं 'निर्भीक'सुद्धा अर्धा किलोच्या आसपास भरतं. हे सगळं वजन कमरेच्या एकाच बाजूला येतं. पट्टा लेचापेचा असेल तर त्या जागी तो खाली ओढला जातो, मूठ बाहेर झुकते आणि शर्टाखाली फुगवटा दिसतो. माणूस मग दर पाच मिनिटांनी कमरेवर हात नेतो. त्या हातानेच समोरच्याला कळतं की इथे काहीतरी आहे. जू एका बाजूला कलंडलं की बैलाचा खांदा सोलतो, तसंच कमरेचं होतं. ताठ पट्टा तेच वजन कमरेभोवती वाटून देतो.

गैरसमज : 'जेन्युइन लेदर' असा छाप असला की पट्टा उत्तम.

वस्तुस्थिती : या छापावरून दर्जा कळत नाही. चामड्याचा वरचा, दाट तंतूंचा थर राखलेला पट्टा सर्वांत टिकाऊ असतो. खालच्या थरावर रंगाचा लेप चढवलेल्या पट्ट्यावरही हाच छाप असू शकतो. पारख दुकानातच करा. बक्कल काढता येत असेल तर काढून तिथली दुमड बघा. भोकाची आणि टोकाची कड उजेडात धरून आत डोकावा. चांगल्या चामड्यात तंतू एकसंध दिसतात. हलक्या मालात दोन पातळ पापुद्र्यांच्या मध्ये पुठ्ठा किंवा भुसा दाबल्यासारखा थर दिसतो. तो घामाने फुगतो आणि काही महिन्यांत पट्टा भोकापाशी फाटतो. आपल्याकडे म्हशीचं जाड चामडं मिळतं. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल झाडपाल्याच्या कसाने कमावलेल्या चामड्याची असते, आणि त्या मानांकनाच्या क्षेत्रात आपल्या शेजारचा सोलापूर जिल्हाही आहे. अशा कमावणीचं चामडं ताठ राहतं, म्हणून पट्ट्यालाही ते योग्य. ओळखीच्या कारागिराकडून दोन थर शिवून घेतलेला पट्टा अनेक तयार पट्ट्यांना मागे टाकतो.

गैरसमज : जितका जाड, तितका चांगला.

वस्तुस्थिती : महत्त्व ताठपणाला आहे, जाडीला नाही. पट्टा आडवा, कड वर करून धरा आणि दोन्ही हातांनी पिळा. लगेच वळला तर तो वजन पेलणार नाही. चार-पाच मिलिमीटर जाडी आणि दीड इंच, म्हणजे सुमारे 38 मिलिमीटर, रुंदी बहुतेकांना पुरते. याहून रुंद पट्टा साध्या पँटीच्या लूपमधून जात नाही. होल्स्टरच्या क्लिपचं मापही याच रुंदीशी जुळायला हवं. क्लिप सैल राहिली तर शस्त्र काढताना होल्स्टरच हातात येतं.

गैरसमज : घट्ट आवळला की शस्त्र हलत नाही.

वस्तुस्थिती : आवळणं हा कमकुवत पट्ट्याचा दोष झाकण्याचा प्रयत्न असतो. फार घट्ट पट्ट्याने मांडीच्या बाहेरच्या बाजूची संवेदना-नस दबून तिथे बधिरपणा व जळजळ होऊ शकते. वैद्यकात याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. म्हणून माप घेताना पँटीवरचा आकडा धरू नका. होल्स्टर लावलेल्या अवस्थेतला कमरेचा घेर मोजा. होल्स्टर पँटीच्या आत लावणार असाल तर पँटही एक-दोन इंच सैल लागते. जेवणानंतर आणि गाडीत बसल्यावर थोडं सैल करता येईल, अशी जवळजवळची भोकं हवीत. मागे, ऐन मणक्यावर शस्त्र लावणंही टाळा. पाठीवर पडलात तर इजा मणक्याला होते.

गैरसमज : चामड्याखेरीज पट्टा दमदार नसतो.

वस्तुस्थिती : आत ताठ पट्टी घातलेला दुहेरी नायलॉन पट्टाही वजन उत्तम पेलतो. शिवाय आपल्या उन्हाळ्यात घामाने तो खराब होत नाही. चामड्याचा पट्टा वापरत असाल तर रात्री काढून वाऱ्यावर ठेवा, उन्हात नको. आलटून पालटून दोन पट्टे वापरले तर दोन्ही जास्त टिकतात.

गैरसमज : होल्स्टर नसलं तरी कमरेला खोचलं की भागतं.

वस्तुस्थिती : ही सगळ्यांत धोक्याची सवय आहे. नाडीच्या लेंग्याला ना लूप, ना आधार. खोचलेलं शस्त्र उठता-बसता घसरतं, आणि उघडा ट्रिगर कापडात अडकला की गोळी स्वतःच्या मांडीत जाते. लेंगा-नेहरू शर्टाची सवय मोडवत नसेल, तर शस्त्र बाळगायच्या दिवशी तरी लूपवाली पँट घाला. होल्स्टर असं हवं की ट्रिगर पूर्ण झाकला जाईल.

नवा पट्टा घेतल्यावर शस्त्र पूर्ण रिकामं करा, दोनदा तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग घरातच तासभर वावरा : वाका, जिना चढा, गाडीत बसा, उतरा. हात एकदाही कमरेकडे गेला नाही, तर तो पट्टा योग्य. परवाना सरकार देतं, पण नियमातला 'प्रभावी ताबा' रोज आपणच सिद्ध करायचा असतो. ज्याला तेवढी काळजी घ्यायची नसेल, त्याने शस्त्र घरी कुलपात ठेवावं. त्यात त्याचं आणि गावाचंही भलं आहे.