जुन्याची निगा, नव्याची भर

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यातला मुठेचा काठ उद्ध्वस्त झाला. हजारो कुटुंबं उघड्यावर आली, पेठांमधले वाडे कोसळले. या घटनेला सव्वा वर्ष होतं न होतं तोच, ८ ऑक्टोबर १९६२ रोजी, त्याच मुठेच्या काठी नाट्यगृहाचा पाया घातला गेला. पायाभरणी केली प्रत्यक्ष बालगंधर्वांनी. त्या वेळी शहराची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास होती. घरं, पाणी, रस्ते असं सगळंच नव्याने उभं करायचं होतं. तरीही गावाला नाटक बघायला हक्काची जागा हवी, असं महापालिकेला वाटलं. पु. ल. देशपांडे यांनी या वास्तूच्या आखणीत मनापासून लक्ष घातलं. जुलै १९६७ मध्ये बालगंधर्व गेले, आणि पुढच्याच वर्षी २६ जूनला, त्यांच्या जन्मदिनी, यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते बालगंधर्व रंगमंदिराचं उद्घाटन झालं.

करमणुकीच्या सार्वजनिक जागा म्हणजे पोट भरल्यावर सुचणारी चैन, असं मानणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा. ज्या पिढीने पूर पाहिला, तिनेच रंगमंदिर बांधलं.

आज ती वास्तू साठीकडे निघाली आहे. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिका हद्दीची लोकसंख्या ३१ लाखांवर गेली होती. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. मुंबई, ठाणे, कोल्हापूर, पणजी इथेही बागा, मैदानं, तलाव, नाट्यगृहं अशी एक अख्खी पिढी एकाच वेळी थकली आहे. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला जातो: दुरुस्त करायचं की पाडून नवं बांधायचं? माझ्या मते शहर वाढत असताना एवढाच प्रश्न विचारणं अपुरं आहे. वाढत्या शहराला जुन्याची निगाही हवी आणि त्याच्या जोडीला नव्याची भरही हवी. यातलं एक करून दुसरं टाळता येत नाही.

वारसा किती जुना

मुंबईची राणीची बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. मलबार हिलची हँगिंग गार्डन्स म्हणजेच फिरोजशहा मेहता उद्यान, आणि त्या बागेच्या पोटात दक्षिण मुंबईला पाणी देणारा ब्रिटिशकालीन जलाशय. दादरचं मैदान १९२५ मध्ये माहीम पार्क म्हणून खुलं झालं आणि दोन वर्षांनी अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याचं शिवाजी पार्क झालं. शाहू महाराजांनी रोमचं कोलोसियम पाहून आल्यावर कोल्हापुरात कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं, आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं राहिलं, तेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झालं. पुण्यात १९५३ मध्ये पेशवे पार्क आणि १९५६ मध्ये तिथली मुलांची छोटी रेल्वे, फुलराणी. ठाण्यात मासुंदा तलावाकाठी १९७८ मध्ये गडकरी रंगायतन. पणजीत मांडवीच्या काठावर चार्ल्स कोरिया यांनी रचलेली, १९८३ मध्ये पूर्ण झालेली कला अकादमी.

या यादीत संस्थानिक आहेत, ब्रिटिश अधिकारी आहेत, स्वातंत्र्यानंतरच्या नगरपालिका आणि राज्य सरकारंही आहेत. राजवटी बदलल्या तरी जो तो आपल्या काळात लोकांसाठी काहीतरी नवं बांधून गेला. बांधलेलं सांभाळण्याची पाळी आता आपल्या पिढीवर आली आहे.

वास्तू थकते कशी

सार्वजनिक इमारत एका दिवसात मोडकळीला येत नाही. गच्चीच्या जलरोधक थराला तडा जातो आणि पावसाळ्यात पाणी झिरपतं. काँक्रीटमधल्या सळयांना गंज चढतो, गंजलेली सळई फुगते, प्लॅस्टर फुटून निघतं आणि त्या फटीतून आणखी पाणी आत येतं. पहिल्याच पावसाळ्यात थर नीट केला असता तर किरकोळ खर्चात भागलं असतं. पंधरा पावसाळे तसेच गेले की तुळया आणि खांबांनाच हात घालावा लागतो.

नाट्यगृहाची दुखणी आणखी वेगळी. मुळात कमी विजेवर चालणाऱ्या इमारतीत पुढे वातानुकूलन येतं, ध्वनियंत्रणा आणि दिव्यांची संख्या वाढते, पण वायरिंग बहुधा जुनंच राहतं. पडदे, लाकूड, नेपथ्याचं सामान, सगळंच पेट घेणारं. पोहण्याच्या तलावाचा जीव गाळणयंत्रात असतो. ते बंद पडलं की पाणी हिरवं होतं, मग तलाव ‘दुरुस्तीसाठी बंद’ आणि उन्हाळ्याची सुट्टी संपून जाते. बागेत झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हिंग ब्लॉक बसवले की मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. झाड उभं दिसतं, पण आतून खंगत जातं. मैदानाची हानी तर मातीनेही होते. शिवाजी पार्कात पसरलेली लाल माती उडून आसपासच्या घरांत जाते, ही तिथल्या रहिवाशांची कितीतरी वर्षांची तक्रार आहे. तिथे पाणी शिंपडणं, गवत राखणं, माती धरून ठेवणं हे रोजचं काम आहे, वर्षातून एकदा उरकायचं नव्हे.

याच्या मुळाशी पैशाची व्यवस्था आहे. महापालिकेच्या अर्थसंकल्पात नवी वास्तू भांडवली कामांत येते, तिला स्वतंत्र तरतूद मिळते, भूमिपूजन होतं, उद्घाटन होतं. देखभाल महसुली खर्चात मोडते आणि कात्री लागायची झाली तर पहिली तिलाच लागते. गळती थांबवली म्हणून कोनशिला बसत नाही. त्यामुळे दुखणं लहान असताना पैसा नसतो, आणि ते मोठं झालं की पाडण्याचा प्रस्ताव तयार असतो.

तीन शहरांचे धडे

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवराव भोसले यांची जयंती होती. शंभर वर्षांहून जास्त काळ रंगकर्मींना अंगाखांद्यावर खेळवलेली वास्तू काही तासांत गेली आणि शेजारच्या खासबागेच्या व्यासपीठालाही झळ पोचली. नाट्यगृह पूर्वी होतं तसंच पुन्हा बांधण्याची घोषणा सरकारने केली आणि लोकांनीही तीच मागणी लावून धरली. इतक्या मोठ्या आगीनंतरही कोल्हापूरला नवीन पद्धतीचं संकुल नको होतं, आपलंच नाट्यगृह हवं होतं. पण जुन्या वास्तूतली वीज आणि अग्निसुरक्षा वर्षातून किमान एकदा परक्या, स्वतंत्र नजरेखालून गेली पाहिजे, हा त्या राखेतला सगळ्यात महाग धडा आहे.

मुंबईत मलबार हिलचा जलाशय पाडून नव्याने बांधण्याची योजना आली, तेव्हा बागेचा मोठा भाग आणि शेकडो झाडं जाणार हे दिसू लागलं. रहिवाशांनी हरकत घेतली, तज्ज्ञांकडून पाहणी झाली, दुरुस्तीने भागेल असं मत पुढे आलं आणि पाडकामाचा बेत मागे पडला. मुद्दा झाडांइतकाच पद्धतीचाही आहे. आधी स्वतंत्र पाहणी आणि मग निर्णय, हा क्रम पाळला तर बरंच काही वाचतं. याच मुंबईत, राणीच्या बागेच्या आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. महापालिका, वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी एकत्र येऊन त्याचं जतन केलं. त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुलं झालं. महापालिकेच्या मालकीची जुनी वास्तू जगाला दाखवण्याजोगी करता येते, याचा पुरावा शोधायला दूर जावं लागत नाही.

पणजीचा अनुभव याच्या उलट आहे. २०१९ मध्ये कला अकादमी पाडण्याची भाषा निघाली तेव्हा कलावंत, वास्तुरचनाकार आणि सामान्य गोंयकार उभे राहिले, आणि दुरुस्तीचा मार्ग निघाला. पण काम सुरू असतानाच, जुलै २०२३ मध्ये, खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. इमारत पुन्हा सुरू झाल्यावरही ध्वनी आणि गळतीबद्दल कलावंतांच्या तक्रारी येत राहिल्या. म्हणजे ‘पाडू नका’ एवढं म्हणून जतन होत नाही. दुरुस्ती हे बांधकामाहून कठीण काम आहे. त्याला जुन्या वास्तूची जाण असलेले हात लागतात, आणि तिथे रोज काम करणाऱ्या तंत्रज्ञांना पहिल्या दिवसापासून विचारावं लागतं.

बदल केव्हा योग्य

जुनं ते सगळं जसंच्या तसं राहावं, असं माझं म्हणणं नाही. पेशवे पार्कातल्या प्राण्यांचे पिंजरे अपुरे होते, भोवती शहर दाटलं होतं. पुण्याने हे प्राणीसंग्रहालय कात्रजला हलवलं आणि तिथे त्याला सुमारे १३० एकरांचा परिसर मिळाला. हा बदल योग्य होता, आणि त्याची दोन कारणं आहेत. प्राण्यांची खरी गरज होती आणि ती नव्या जागेत भागली. आणि मोकळी झालेली जुनी जागा मुलांसाठी, बागेसाठीच राहिली. फुलराणी तिथेच धावत राहिली.

पुण्याच्याच नेहरू स्टेडियमचंही तसंच. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी विश्वचषकात केनियाने बलाढ्य वेस्ट इंडिजला हरवलं ते याच मैदानावर. आता मोठे सामने शहराबाहेर गहुंज्याच्या स्टेडियमवर होतात. मोठ्या सामन्यांची गर्दी गेली म्हणजे मैदानाची गरज संपली, असं नाही. स्वारगेटसारख्या मध्यवर्ती ठिकाणी शहरातल्या मुलांना सरावाला जागा मिळणं ही त्याची आजची गरज आहे, आणि त्याची निगा त्या गरजेनुसार राखायला हवी.

बालगंधर्व रंगमंदिराला हीच कसोटी लावून बघू. २०१८ पासून ते पाडून तिथे एकाहून अधिक नाट्यगृहांचं संकुल उभारण्याचा विचार अधूनमधून पुढे येतो. रंगकर्मींमध्ये याबद्दल दोन मतं आहेत, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. स्वच्छतागृहं, रंगपट, वातानुकूलन, वाहनतळ यांचे हाल बघणाऱ्या कलाकाराला नवं हवंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण या तक्रारींपैकी बहुतेक देखभालीच्या आहेत. पाडकाम झालं तर सुमारे ९९० आसनांचं, शहराच्या मध्यावरचं, तुलनेने परवडणाऱ्या भाड्याचं नाट्यगृह काही वर्षं नसेल. त्या वर्षांत तारखा कुठे मिळणार? हौशी संस्था, लावणीचे कार्यक्रम, एकांकिका स्पर्धा, शाळांची स्नेहसंमेलनं कुठे होणार? मोठे निर्माते दुसरीकडे जागा शोधतील, लहान संस्था बंद पडतील. शेजारून आता मेट्रो धावते, जागेचं मोल वाढलं आहे. नेमकं म्हणूनच इथे काय असावं हे जमिनीच्या भावावरून ठरता कामा नये.

नव्याची भर कुठे

शहर वाढलं ते वाघोली, आंबेगाव, बाणेर, मांजरी, उंड्री या बाजूंना. नव्या नाट्यगृहाची, तलावाची, मैदानाची निकड तिथे आहे. जुन्या वास्तूंवर ताण पडतो तोसुद्धा कडेला काही नाही म्हणूनच. मध्यवस्तीतलं एक पाडून तिथेच तीन बांधल्याने उंड्रीतल्या मुलाचं अंतर एक किलोमीटरनेही कमी होत नाही.

विकास आराखड्यात आणि मोठ्या गृहप्रकल्पांतून महापालिकेच्या हाती येणाऱ्या सुविधा जागा याच कामासाठी असतात. २०२१ मध्ये पुण्यात अशा जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खासगी क्षेत्राला देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नागरिकांनी त्याला विरोध केला, आणि तो रास्त होता. कायदाही त्यांच्या बाजूने आहे. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जमीन खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्द ठरवला. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत बागा, उद्यानं, क्रीडांगणं ही नागरी स्थानिक संस्थांची कामं म्हणून नोंदलेली आहेत. पालिकेला वाटलं तर करावीत, अशी ही मेहरबानी नव्हे.

मग करायचं काय? प्रत्येक सार्वजनिक वास्तूची एक जाहीर नोंदवही असावी: बांधणीचं वर्ष, शेवटचं संरचनात्मक परीक्षण, अग्निसुरक्षा तपासणी, झालेली दुरुस्ती, राहिलेली दुरुस्ती. ती नागरिकाला मागितल्याशिवाय दिसावी. नवी वास्तू मंजूर करताना तिच्या पुढच्या तीस वर्षांच्या देखभालीची तरतूद त्याच ठरावात असावी आणि ती दुसरीकडे वळवता येऊ नये. ठेकेदाराला झाडणं-पुसणं देता येईल, पण वास्तूची जबाबदारी एका नावानिशी अधिकाऱ्याकडे असावी. दिव्यांगांसाठी उतार, लिफ्ट, स्वच्छतागृह हे २०१६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. दुरुस्तीच्या पहिल्या टप्प्यातच ते व्हावं. आणि खरोखरच पाडावं लागलं, तर कुलूप लावण्याआधी पर्यायी जागा चालू झालेली असावी, पुन्हा उघडण्याची तारीख लेखी द्यावी, आसनं आणि भाडं आधीसारखंच ठेवण्याची हमी असावी.

यात अवघड काही नाही. १९६२ मध्ये पुराने खचलेल्या, आजच्यापेक्षा कितीतरी गरीब नगरीला एक नवं रंगमंदिर बांधणं परवडलं. आजच्या पुण्याला, ठाण्याला, मुंबईला जुनं सांभाळणं आणि कडेच्या वस्त्यांना नवं देणं, दोन्ही परवडतं. येत्या अर्थसंकल्पात देखभालीचा आकडा वेगळा, ठळक आणि राखीव दिसेल की नाही, एवढं आपण आपल्या नगरसेवकाला विचारलं पाहिजे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहिलं पाहिजे.