खेळाडूंच्या मनाचा प्रशिक्षक

सोलापूर-धुळे महामार्गावरील मांजरसुंबा येथून एक रस्ता पाटोद्याकडे वळतो. बीड जिल्ह्याच्या याच पश्चिम भागात, आष्टी तालुक्यात, अविनाश साबळे याचे मांडवा हे गाव आहे. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले. सुवर्ण हुकले ते अवघ्या पाच शतांश सेकंदांनी. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरील ७ उड्या पार कराव्या लागतात. थकवा शिगेला पोहोचला असताना पुढच्या अडथळ्यावर लक्ष टिकवणे हे पायांइतकेच मनाचेही काम असते.

मन सरावाने तयार होते, या तत्त्वावर 'मेंटल कोच' हा व्यवसाय उभा आहे. महाराष्ट्रात हा विचार रुजवण्यात नाशिकचे भीष्मराज बाम यांचा मोठा वाटा होता. पोलीस सेवेतील या अधिकाऱ्याने योग आणि मानसशास्त्र यांची सांगड घालून अंजली भागवत, राहुल द्रविड आदी खेळाडूंना मार्गदर्शन केले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

उत्तेजनपर भाषणे देणे म्हणजे हे काम, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. श्वासावर नियंत्रण, आगामी कामगिरीचे मनात चित्र रेखाटणे, स्पर्धेपूर्वीचा ठरावीक क्रम पाळणे आणि चूक झाल्यावर पुढच्या क्षणाकडे वळणे ही कौशल्ये मैदानावरच, दडपण निर्माण करून घटवून घ्यावी लागतात. कोल्हापूरचा नेमबाज स्वप्नील कुसळे २०२३ मधील हांगझोऊ आशियाई स्पर्धेत आघाडीवर होता. एक नेम ढळला आणि तो चौथ्या स्थानी गेला. २०२४ मध्ये पॅरिसला मात्र त्याने ऑलिंपिक कांस्यपदक पटकावले. एका चुकीनंतर पुन्हा नेम धरता येणे किती मोलाचे, हे यावरून कळते.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याने मानसशास्त्रात पदवी व पदव्युत्तर शिक्षण, क्रीडाशास्त्राची जाण आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालील काम, असा मार्ग धरावा. अमेरिकेतील उपयोजित क्रीडा मानसशास्त्र संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी पदव्युत्तर पदवी, देखरेखीखालील ४०० तासांचा अनुभव आणि परीक्षा आवश्यक असते. भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. 'मेंटल कोच' अशी पाटी लावण्यास मात्र स्वतंत्र परवाना लागत नाही. त्यामुळे शिक्षण काय, अनुभव कोणाच्या हाताखाली घेतला, हे पालकांनी विचारलेच पाहिजे.

या व्यवसायाची मर्यादाही तितकीच महत्त्वाची. झोप उडणे, अन्न टाळणे, सततची खिन्नता किंवा आत्मघाताचे विचार दिसल्यास खेळाडूला विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्य ठरते. खेळाडूने विश्वासाने सांगितलेली गोष्ट निवड समितीच्या कानी जाता कामा नये, हाही नियम तितकाच कडक.

पहाटे रस्त्याच्या कडेने भरतीसाठी धावणाऱ्या मराठवाड्यातील मुलांना महानगरातील तज्ज्ञ परवडणारा नाही. त्यांच्यापर्यंत हे ज्ञान पोहोचेल ते शाळेतील क्रीडाशिक्षकामार्फत, आणि तेही मुलांच्या बोलीत. चाचणीच्या दिवशी छाती धडधडली म्हणजे आपण कच्चे आहोत असे नव्हे, हे एखाद्या मुलाला वेळेवर समजले, तरी या विद्येचे सार्थक झाले.