तत्काळ छायाचित्राची कळा : तिची कारणे आणि तिचे अनुकरण

मराठीतील ‘कळा’ हा शब्द मोठा अर्थवाही आहे. तोंडावरची कळा, घराला आलेली अवकळा असे आपण म्हणतो, तेव्हा काळाने व परिस्थितीने वस्तूवर चढविलेल्या छटेकडे आपण बोट दाखवीत असतो. हल्ली तरुण मंडळी मोबाइलवर काढलेल्या छायाचित्राला ‘पोलरॉइड लुक’ देतात. त्यांना अभिप्रेत असते ती हीच कळा. हा विषय भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने का हाती घ्यावा, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण आपल्याच कामात आहे. जिंतूर, गंगाखेड, पाथरी, पालम या भागांत बोलींची सामग्री गोळा करणारे विद्यार्थी निवेदकांची छायाचित्रेही आणतात, आणि त्यांतील काही अलीकडे जुनेपणाचा साज चढवूनच संग्रहात दाखल होतात. हा साज कशाचा बनलेला असतो हे कळल्यावाचून त्याविषयी मत देणे योग्य होणार नाही.

तत्काळ छायाचित्रणाचे तंत्र एडविन लँड यांनी २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्क येथे प्रथम जाहीरपणे दाखविले. पहिला कॅमेरा २६ नोव्हेंबर १९४८ रोजी बोस्टनमधील एका दुकानात विक्रीस आला. (त्या दिवशी परभणी निजामी राजवटीतून मुक्त होऊन अडीच महिनेही झाले नव्हते.) आरंभीची चित्रे तपकिरी छटेची असत, रंगीत फिल्म १९६३ मध्ये आली. परंतु आज ज्या रूपाचे अनुकरण होते ते १९७२ मधील एसएक्स-७० या कॅमेऱ्याचे आहे. त्याची फिल्म सोलावी लागत नसे. चित्र कॅमेऱ्यातून बाहेर येई आणि डोळ्यांदेखत उमटे.

मराठीत आपण फोटो ‘काढतो’, जसे चित्र काढतो, रांगोळी काढतो. आणि फिल्मचा रोल ‘धुवायला’ देतो. काढणे व धुणे या दोन क्रियांमध्ये पूर्वी काही दिवसांचे अंतर पडे. लँड यांनी ते अंतर पुसून टाकले, म्हणजे धुण्याची क्रिया चित्राच्या पोटातच घातली. चौकटीची खालची पांढरी पट्टी रुंद का असते, याचे उत्तर येथेच आहे. त्या पट्टीत रसायनाची एक चपटी पिशवी दडलेली असते. चित्र बाहेर पडताना दोन रुळांमध्ये दाबले जाते, पिशवी फुटते आणि रसायन थरांमध्ये सारखे पसरते. पसरून उरलेला अंश वरच्या पट्टीत अडकून राहतो. त्या रसायनातील टायटॅनियम डायऑक्साइड चित्राला पांढरी पार्श्वभूमी पुरवितो. त्यात मिसळलेले गडद रंजक प्रथम प्रकाश अडवून धरतात आणि अल्कता उतरताच निर्वर्ण होतात. तेव्हा लोक ज्या पांढऱ्या चौकटीला शोभा समजतात ती मुळात सोय होती. त्या पट्टीवर नाव व तारीख लिहिण्याचा प्रघात मागाहून पडला.

रंगांचेही तसेच आहे. या चित्रात रंगद्रव्ये खालच्या थरांतून पाझरत वर येतात. त्यामुळे कडा किंचित मऊ होतात आणि काळा रंग पुरता काळा न राहता करडा, कधी हिरवट वा निळसर भासतो. प्रकाशाचा अंदाज थोडा चुकला तरी उजळ भाग जळून पांढरे पडतात, कारण या फिल्मची सहनशीलता थोडी आहे. कॅमेऱ्यावरील दिव्याचा उजेड अंतर दुप्पट होताच चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून समोरचा चेहरा पांढराफटक आणि मागची भिंत अंधारात, असे दृश्य मिळते. शिवाय हे चित्र ज्या बाजूने प्रकाश घेते त्याच बाजूने पाहिले जाते. आत आरसा बसविला नाही तर दुकानावरील पाटीची अक्षरे उलटी उमटतील. जपानी इन्स्टॅक्स फिल्म (१९९८) मागच्या बाजूने प्रकाश घेते, त्यामुळे तिला आरशाची गरज पडत नाही.

पोलरॉइड कंपनीने ही फिल्म बनविणे २००८ मध्ये थांबविले. नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील जुना कारखाना काही उत्साही मंडळींनी पुन्हा चालू केला, २०१० पासून त्यांची फिल्म मिळू लागली आणि २०२० पासून ती पुन्हा पोलरॉइड या नावानेच विकली जाते. म्हणजे ज्याला अस्सल वस्तूच हवी त्याला ती आजही मिळते. परंतु या फिल्मसाठी १३ ते २८ अंश सेल्सिअस हे तापमान योग्य मानले जाते. त्याखाली चित्र निळसर व फिके होते, त्यावर पिवळट-तांबूस. परभणीत मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जाणे ही नित्याची गोष्ट आहे. तेव्हा आपल्याकडील उन्हाळी चित्राची कळा तांबूसच असणार. हे टाळावयाचे असल्यास फिल्म शीतकपाटात ठेवावी (बर्फाच्या कप्प्यात नव्हे) आणि वापरण्यापूर्वी बंद पाकिटातच हवेच्या तापमानावर येऊ द्यावी. चित्र बाहेर पडताच ते उजेडापासून झाकावे व पालथे घालून पंधरा मिनिटे थंड जागी ठेवावे. जुन्या माळवदाच्या घरातील आतली खोली या कामी उत्तम. चित्र हातात घेऊन हलविण्याची सवय मात्र सोडावी. तिने काही साधत नाही.

संगणकावर वा मोबाइलवर हीच कळा आणावयाची असेल तर वर सांगितलेली कारणे ध्यानात ठेवून एकेक पाऊल टाकावे. चित्र प्रथम चौरस कापावे. काळ्या रंगाची पातळी थोडी वर उचलावी, म्हणजे तो करडा होईल. पांढऱ्याची किंचित खाली आणावी. रंगांचा भडकपणा कमी करावा. उजळ भागांत पिवळटपणा आणि छायेत हिरवट-निळी झाक द्यावी. तीक्ष्णता थोडी घटवावी, कडा किंचित काळवंडू द्याव्यात आणि शेवटी खाली रुंद असलेली पांढरी चौकट बसवावी. दिव्याचा तो पांढरा झोत मात्र मागाहून आणता येत नाही. तो चित्र काढतानाच कॅमेऱ्याजवळच्या दिव्याने आणावा लागतो.

बाजारात मिळणारी अनेक साधने याच्या जोडीला ओरखडे, धूळ आणि दाणेदारपणाही घालतात. येथे त्यांची गफलत होते. तत्काळ चित्र मोठे करून छापलेले नसते, त्यामुळे त्यात फिल्मचे दाणे डोळ्यांना दिसत नाहीत. आणि वरच्या पारदर्शक आवरणामुळे प्रतिमेच्या थरावर ओरखडे सहसा पडत नाहीत. दाणे आणि ओरखडे ही चलच्चित्राच्या फिल्मची लक्षणे होत. भाषेच्या अभ्यासकाला हा दोष परिचित वाटेल. जुन्या मराठीचा आव आणणारा लेखक ‘म्हणितलें’ हे लीळाचरित्रातील रूप पेशवाई पत्रांतील ‘जाहले’च्या शेजारी बसवितो आणि दोन्ही जुनी म्हणून समाधान मानतो. वाचकाला जुनेपणाचा भास होतो खरा, पण तशी भाषा कोणत्याही काळी कोणी लिहिलेली नसते.

चार्ल्स पर्स यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर खऱ्या तत्काळ चित्राची पिवळट झाक ही निर्देशक चिन्ह आहे. धूर जसा विस्तवाचा निर्देश करतो, तशी ती उष्णतेचा किंवा उलटलेल्या वर्षांचा निर्देश करते. तिच्यामागे कारण असते. साधनाने चढविलेली झाक मात्र निव्वळ संकेत आहे. ‘हे जुने समजा’ एवढेच ती सांगते. घरगुती करमणुकीत याला हरकत घेण्याचे कारण नाही. संग्रहात मात्र तिने अनर्थ होतो. यंदा पालमला भेटलेल्या निवेदिकेचे चित्र ४० वर्षांपूर्वीचे वाटू लागले, तर तिच्या लुगड्याचा प्रकार, तिच्या घरातील जाते, मागच्या भिंतीवरील अक्षरे, सारेच चुकीच्या काळात जाऊन बसते. मूळ फाइलमधील तारखेची नोंद प्रती काढताना वा संदेशाद्वारे पाठविताना पुष्कळदा नाहीशी होते. मग खरे काय हे ठरविण्यास दुसरे साधन उरत नाही. म्हणून मूळ चित्र जसेच्या तसे, स्थळ, तारीख व साधन यांच्या नोंदीसह जमा करावे आणि साज चढवावयाचा तो प्रतीवर चढवून तसे स्पष्ट लिहावे, असा आग्रह प्रस्तुत लेखक धरतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आयातीवरील निर्बंधांच्या काळात तत्काळ फिल्म आपल्याकडे दुर्मीळ होती आणि परभणी जिल्ह्यातील बहुतेक घरांत असे एकही चित्र निघणार नाही. तरीही आपले तरुण ज्या भूतकाळासाठी हळवे होतात तो नेमका याच चौकटीतला असतो. येथील घरांतील जुन्या रंगीत चित्रांची कळा निराळी आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील लग्नांचे अल्बम उघडून पाहावेत. त्यांतील कितीतरी पाने लालसर झालेली दिसतील. त्या कागदावरील निळसर-हिरवे रंगद्रव्य, ज्याला सायन म्हणतात, ते अल्बम मिटलेला असतानाही हळूहळू विरते. हेच द्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेत असते. ते उणे झाले की तांबडा प्रकाश सर्वत्र परावर्तित होऊ लागतो आणि विशेषतः काळ्या जागा तपकिरी-लाल दिसू लागतात. ही कळा कोणाला अनुकरणाने आणावयाची असेल तर छायेतील तांबड्याची पातळी वर उचलावी, हिरवा व निळा जवळजवळ तसेच ठेवावेत आणि पांढरी रुंद पट्टी लावूच नये. त्या अल्बमांतील चित्रे कोपऱ्यांच्या कागदी खाचांत बसविलेली असत.